मे महिन्याचं काय?

"सर, मे महिन्याचं काय?" असं त्या मुलानं विचारलं, तेव्हा टेबलाच्या आमच्या बाजूला चौघं बसलो होतो आणि चौघांनाही एकदम पाण्याची तहान लागली. शाळा पुण्यात पर्वतीच्या पायथ्याकडची, जुनी, मराठी माध्यमाची, अनुदानित. मुख्याध्यापिका माझी शाळेपासूनची मैत्रीण. सहावी ते आठवीच्या मुलांना हातानं काम करायला शिकवणारा माणूस तिला हवा होता. थोडं लाकूडकाम, थोडं वायरिंग, नळाचा वायसर बदलणं, कुंड्या भरणं असं सगळं. मी भोसरीत जिग-फिक्श्चरची, म्हणजे कारखान्यात काम पक्कं धरून ठेवणाऱ्या साधनांची, ड्रॉइंग करण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे "तुला माणसाचा हात कळतो, येऊन नुसती बस," असं म्हणून तिनं मला मुलाखतींना बसवलं. आम्ही एका फळीवर दोन होल्डर, दोन टू-वे स्विच आणि वायरचं भेंडोळं ठेवलं होतं. जिन्यातल्या दिव्याचं कनेक्शन करायचं, पण समोर सहावीचा वर्ग आहे असं समजून, बोलत बोलत. कात्रजहून आलेला हा मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, वर क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा एक वर्षाचा कोर्स केलेला. त्यानं वायरला हात लावायच्या आधी बोर्डाची पिन काढली, ती हवेत धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "ही पिन आता माझ्या खिशात. मी परत देईपर्यंत कुणाला शॉक बसू शकत नाही." आणि खरंच खिशात टाकली. मी माझ्या कागदावर तिथेच पूर्ण गुण दिले. पुढचं कनेक्शन बघायची मला गरजच वाटली नाही.

मग संस्थेच्या सचिवांनी अटी सांगितल्या. तासाला १५० रुपये, आठवड्याला आठ तास, जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. मुलानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि तो प्रश्न विचारला. सचिव म्हणाले, "मे महिन्यात शाळाच नसते ना." मुलगा हसला. चिडलेला अजिबात वाटला नाही. म्हणाला, "हो सर. पण घरभाडं असतं."

यावर कुणाकडे काही नव्हतं.

सचिव वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगून टाकते. बँकेतून निवृत्त झालेत, शाळेचं एक पैसाही घेत नाहीत, वर्गातला पंखा किरकिरला तर स्वतः शिडी लावून तेल घालतात. दीडशे हा आकडाही त्यांनी कद्रूपणानं काढलेला नव्हता. या पदाला मंजुरी नाही, म्हणजे सरकारकडून पगार नाही, म्हणजे तो संस्थेच्या गल्ल्यातून द्यायचा, आणि मराठी शाळेचा गल्ला कसा असतो हे पेठांमधल्या आणि पेठांबाहेरच्या कुठल्याही संस्थाचालकाला विचारा. तरीही रात्री सिंहगड रोडच्या सिग्नलला अडकले असताना मी मनात गुणाकार करत होते. महिन्याचे चार आठवडे धरले तर ४,८००. त्यातून दिवाळीची सुट्टी वजा, गणपतीची वजा, परीक्षेचे दिवस वजा, कारण तासच झाला नाही तर पैसे कसले. आमच्या सोसायटीत पंखा बसवायला येणारा मुलगा एका फेरीचे तीनशे घेतो आणि वीस मिनिटांत निघून जातो. म्हणजे जो मुलगा पंखा बसवतो त्याला, तोच पंखा बसवायला चाळीस मुलांना शिकवणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं. यात नवीन काही नाही हे मला माहीत आहे. पण डोळ्यांसमोर, एकाच टेबलावर, तीच पिन खिशात टाकणाऱ्या हातांचे हे दोन भाव बघितले आणि ते मनातून जाईनात.

त्याच शाळेच्या स्टाफरूममध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जी शिक्षिका बसणार, ती जर मान्यताप्राप्त पदावर असेल तर तिचं सगळं शालार्थमधून, म्हणजे सरकारच्या पगारप्रणालीतून, येतं. सातव्या वेतन आयोगात डीएड शिक्षकाची मूळ सुरुवात २९,२०० पासून, पदवीधर बीएडची ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता, घरभाडं. मे महिना त्यात आपोआप असतो. मधली पायरी शिक्षणसेवकाची, म्हणजे कायम होण्याआधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ३,००० मिळायचे. त्या तीन हजारांत संसार करणारी, लग्नं पुढे ढकलणारी एक अख्खी पिढी आपण बघितली. २०२३ च्या जानेवारीपासून ते १६,००० झाले, माध्यमिकचे १८,०००. कमीच आहेत. पण तीन वर्षं काढली की दार उघडतं, हे ठरलेलं तरी असतं. तासिकेवरच्या माणसाला तीन वर्षांनी काय मिळतं? चौथं वर्ष मिळतं, तेही मिळालं तर.

दुसरी उमेदवार आली ती स्कूटरवरून, हेल्मेट हातात, पाठीवर सॅक. साधारण चाळिशीची. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेली. कागदकाम, माती, शिवण, भरतकाम, थोडं ब्लॉक प्रिंटिंग. फार नेटकी बोलली. सॅकमधून मुलांनी केलेली कामं काढून मांडली: जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वह्या, पाठीवर कापडी पट्टी, कोपरे अगदी काटकोनात. वहीच्या डिंकाला मोरचुदाची निळसर झाक होती. ती मोरचूद घालते, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. हे तिनं आम्हाला पटवायला सांगितलं नाही, मी निरखून पाहिलं म्हणून सांगितलं. अटींवर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. फक्त एक छोटी डायरी उघडून "मंगळवार-गुरुवार सकाळचं सत्र देता येईल, बाकी भरलेत" असं म्हणाली. सध्या ती तीन शाळांत जाते. एक हडपसरला, एक कोथरूडला, एक शहराच्या मध्यात. मी सहज विचारलं, एकूण किती तासिका होतात? "बत्तीस. कधी चौतीस." मुख्याध्यापिकेनं मान वर केली. तिच्या शाळेतल्या पूर्णवेळ शिक्षकांपैकी काही जणांना तेवढ्या नसतात.

म्हणजे प्रत्येक शाळेत ही बाई अर्धवेळ, आणि आठवडाभर मिळून पूर्णवेळापेक्षा जास्त. तीन ठिकाणी तीन मस्टरवर सह्या आणि एकाही ठिकाणी रजा नाही, पीएफ नाही, बाळंतपण नाही. पेट्रोल तिचं. पावसाळ्यात फातिमानगरच्या चौकात अडकलेला अर्धा तास तिचा. ती गेल्यावर सचिव कौतुकानं म्हणाले, "काय उत्साह आहे बघा." मला तो उत्साह वाटला नाही. ती दमली होती आणि ते दिसू नये म्हणून नीट बसली होती. कारखान्यात दुसऱ्या पाळीला थांबलेल्या माणसांचा चेहरा मी ओळखते.

आमच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. ऐंशीच्या दशकातली मुलींची शाळा, वेळापत्रकात गुरुवारी शेवटचे दोन तास 'कार्यानुभव'. नमुना वहीत पांढऱ्या मांजरपाटाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले, प्रत्येकावर एकेक टाका: धावदोरा, उलटी टीप, हेम, काज. बाई सुलटी बाजू बघायच्याच नाहीत. वही हातात घेतली की पहिल्यांदा कापड उलटं करायच्या आणि मागे दोऱ्याची गुंतवळ दिसली की शांतपणे कात्रीनं सगळं उसवून परत द्यायच्या. पहिल्या सहामाहीत शिवण, दुसऱ्या सहामाहीत मेणबत्त्या आणि फिनेल. वितळलेल्या पॅराफिनचा तो गोडसर, जरा मळमळणारा वास. ते काळपट फिनेल पाण्यात पडलं की पाणी एकदम दुधासारखं पांढरं व्हायचं, ते बघायला आम्ही बादलीभोवती डोकी आपटून उभ्या. कुणाला कळलं नाही तरी आमच्यातल्या चौघीजणी पुढे इंजिनिअरिंगला गेल्या त्याची सुरुवात त्या बादलीत झाली असं मी म्हणते. माझी मैत्रीण म्हणते की हे माझं नेहमीचं अतिशयोक्तीचं आहे. असेल. पण आजही वेल्डिंग केलेला फिक्श्चर आला की मी आधी तो पालथा घालायला सांगते.

सहामाही जवळ आली की गणिताच्या सरांचा निरोप यायचा, "पोर्शन राहिलाय, आज कार्यानुभवाचा तास मी घेतो." बाई काही न बोलता टोपली उचलायच्या आणि व्हरांड्यात बाकावर बसून स्वतःचं क्रोशाचं काम करायच्या. त्यांना तासावर पैसे मिळत हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणजे सर पोर्शनबरोबर बाईंचे त्या तासाचे पैसेही घेऊन जायचे का? की शाळा ते देत असे? आता विचारायला कुणी नाही. माझ्या आईला त्या भाजीमंडईत भेटायच्या. आई घरी येऊन म्हणायची, "त्यांना काय, यजमान एलआयसीत आहेत. हौस म्हणून येतात." सगळी गल्ली असंच म्हणायची. आणि बाई स्वतःही तसंच म्हणायच्या, कारण तेवढ्या पैशांत नोकरी करते म्हणण्यापेक्षा हौस आहे म्हणणं बरं दिसतं. मला आता वाटतं की आपल्याकडे हा विषय शिकवला जात होता तो एलआयसीतल्या यजमानांच्या पगारावर. शाळांनी तो हिशेब कधी मांडला नाही इतकंच.

याच्या अगदी उलट माझ्या थोरल्या भावाची शाळा. तो आठवीपासून टेक्निकलला होता. खाकी एप्रन, खिशात कॉटन वेस्ट, आणि अंगाला कटिंग ऑइलचा वास जो आंघोळीनंही जात नसे. त्यांचे वर्कशॉपचे सर म्हणजे बाबांचे मित्र. आम्ही काका म्हणायचो. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून शाळेत आले होते, आणि आजूबाजूच्यांनी ती बढती समजली होती. कारण पद मंजूर होतं, वेतनश्रेणी होती, निवृत्तिवेतन होतं आणि शिवाय उन्हाळ्याची सुट्टी होती, तीही पगारी. काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी असायची. लग्नाच्या पंगतीतही असायची. दादानं एका अख्ख्या सत्रात लोखंडाचा एक तुकडा घासला. गुण्या लावून प्रकाशाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत कानस. "कानस चालू असताना तोंड बंद," हा काकांचा एकमेव नियम. तो तुकडा दादाकडे अजून आहे, पेपरवेट म्हणून, आणि त्याचा काटकोन अजून बरोबर आहे, मी मागच्या दिवाळीत लपून तपासला. काका शेवटपर्यंत पेन्शनवर ताठ जगले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही हा पुढचा भाग, पण आज तासिकेवर येणाऱ्यापुढे तोही विषय चैनीचाच. काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्या शाळेत कुणी आलं नाही. मग एक वर्ष वर्कशॉपला कुलूप, मग तिथे कॉम्प्युटर लॅब, मग कॉम्प्युटरही जुने झाले. २०१२ च्या मे महिन्यात शिक्षकभरतीच थांबवली गेली तोवर तिथे भरायला उरलं नव्हतंच काही.

असं असताना कागदावर मात्र हा विषय दर पिढीला नव्यानं जन्माला येतो. १९३७ ला वर्ध्याची परिषद आणि गांधीजींची नई तालीम. १९६४-६६ चा कोठारी आयोग, त्यातून कार्यानुभव. १९७७ ची ईश्वरभाई पटेल समिती, त्यातून समाजोपयोगी उत्पादक कार्य. आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण: सहावी ते आठवीत सगळ्या मुलांना व्यवसायाची ओळख, त्या तीन वर्षांत कधीतरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली. वाचायला फार सुंदर आहे, उपरोधानं म्हणत नाही. या सगळ्यात पगाराबद्दल सरळ बोलले ते गांधीजी. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर तेव्हाच केवढा गदारोळ झाला, की मग शाळेचा कारखाना होईल, मास्तरच्या पगारासाठी पोरं राबतील. मला ती टीका पटते. पण निदान मास्तर जेवणार कशावर हा प्रश्न तेव्हा टेबलावर होता. आमच्या या शाळेत दिवाळीआधी मुलांच्या आकाशकंदिलांचं प्रदर्शन भरतं, पालक कौतुकानं घेऊन जातात, आणि त्या पैशांतून पुढच्या वर्षीचा घोटीव कागद आणि काड्या येतात. शिकवणाऱ्यापर्यंत काही पोचत नाही, त्यामुळे तो आरोपही होत नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर हे लिहूनच ठेवलंय. २००९ चा कायदा: सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. गणिताला, भाषेला, समाजशास्त्राला शिक्षक आणि हाताला अंशकालीन निदेशक. स्टेशनकडे जाताना मध्यवर्ती इमारतीबाहेर, शिक्षण आयुक्तालयाच्या दारात, सतरंज्या टाकून बसलेले असे निदेशक मी पाहिले आहेत, डोक्यावर प्लास्टिकचं छत, बाजूला पाण्याचे कॅन. त्यांच्या मागण्यांच्या फलकाची अक्षरं इतकी देखणी होती की मी रिक्षा थांबवून बघत राहिले. साहजिकच आहे, कलेचे लोक. बाजूच्या कुठल्याच आंदोलनाचा फलक तसा नव्हता.

कायदा करणाऱ्यांची बाजूही मला दिसते. एका शाळेत सहावी ते आठवीच्या सहा तुकड्या असतील तर या विषयाच्या तासिका आठवड्याला बारा होतील, फार तर पंधरा. तेवढ्यावर पूर्ण पगाराचा माणूस कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. त्यात या विषयाला परीक्षेचं पाठबळ नाही. आठवीपर्यंत कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना संकलित, म्हणजे सत्राअखेरची, चाचणीच नसते, सगळं आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच होणारं मूल्यमापन. मुलांच्या दृष्टीनं ते उत्तमच. पण आपल्याकडे ज्याचा पेपर नाही त्याचा तास कुणीही उचलून नेऊ शकतो.

ओहायोत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा सातवीत आहे. त्यानं शाळेत सरकत्या झाकणाची लाकडी पेटी केली, त्याचा व्हिडिओ तिनं पाठवला तेव्हा मी पेटीपेक्षा मागे उभ्या असलेल्या शिक्षकाचीच चौकशी केली. ती वैतागली. पण मग मी स्वतःच शोधलं. तिकडच्या सरकारी श्रमसांख्यिकीत माध्यमिक शाळेच्या आधीच्या इयत्तांना व्यवसायविषय शिकवणाऱ्यांची वेगळी ओळ आहे, त्यांना वेगळा क्रमांक आहे. मधला पगार वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर. बहुतेक सरकारी शाळांत त्यांची आणि गणिताच्या शिक्षकाची वेतनश्रेणी एकच. कितीतरी राज्यांत कारखान्यातल्या अनुभवावर अध्यापनाचा परवाना मिळतो. म्हणजे काकांसारखा माणूस तिकडे आजही शाळेत येऊ शकतो. मात्र तिथेही ही नोकरी फोफावतेय असं नाही. बहुतेक जागा निघतात त्या कुणीतरी निवृत्त झालं किंवा दुसऱ्या कामाकडे गेलं म्हणून. आणि मे महिन्यासारखाच प्रश्न त्यांनाही आहे, तिकडे शाळा जून-जुलैत बंद. त्यावर अनेक ठिकाणी तोडगा असा, की दहा महिन्यांचा पगार बारा हप्त्यांत वाटून घ्यायचा. जास्तीचा एक सेंटही नाही, पण भाड्याच्या तारखेला खात्यात काहीतरी असतं. बहीण म्हणाली, "एवढं सोपं आहे ते." सोपं आहेच. पण त्यासाठी आधी पगार वर्षाचा ठरावा लागतो, तासाचा नव्हे.

आपल्याकडेही कुणी काही केलंच नाही असं नाही. पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, हिंदुस्थान लिव्हरची संशोधनातली नोकरी सोडून. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा त्यांचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या शाळांत गेला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, आठवड्यातला एक दिवस पूर्ण हातकामाचा, आणि शिकवायला गावातलीच कुशल माणसं. काही वर्षांपूर्वी मी त्या भागातल्या एका शाळेत गेले होते तेव्हा नववीतली एक मुलगी, दोन वेण्या वर बांधून, गेटच्या बिजागरीला वेल्डिंग करत होती. काच खाली, ठिणग्या, आणि मागे तिच्या मैत्रिणी खो-खोच्या गप्पा मारताहेत. तिला शिकवणाऱ्या तरुणाचं हायवेला फॅब्रिकेशनचं दुकान होतं. तो मजेत होता. दुकानाला पोरं ओळखतात, त्यांचे बाप गेट करायला येतात, असं त्यानं डोळे मिचकावून सांगितलं. मला आनंद झाला आणि परत येताना शिक्रापूरच्या आसपास कुठेतरी लक्षात आलं की शिवणाच्या बाईंना यजमान होते, याला दुकान आहे. दुकान चालेनासं झालं तर?

तिसरे उमेदवार भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमागून आले होते. पन्नाशीचे सुतार, शिक्षण आठवी. धोरणात अशा माणसांना वर्गात आणायची सोय लिहिलेली आहे, म्हणून मैत्रिणीनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते बसलेच नाहीत आधी. टेबलाला हात लावून म्हणाले, "हे डुगडुगतंय." खिशातून चाकू काढला, कोपऱ्यातल्या मोडक्या पट्टीची ढलपी काढून पाचर केली, ठोकली, आणि मग बसले. मुलाखत तिथेच संपली होती. पण अटी ऐकून ते मोकळेपणानं म्हणाले, "मॅडम, मला दिवसाचे हजार सुटतात. इथे येईन ते पुण्य म्हणून. महिन्यातून दोनदा नक्की येतो, पैसे नकोत." सचिवांचे डोळे चमकले. मैत्रिणीनं हात जोडून आभार मानले आणि ते गेल्यावर म्हणाली, "पुण्यावर वेळापत्रक लागत नाही रे बाबा."

पुढच्या आठवड्यात कात्रजच्या मुलाचा मेसेज आला. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला लागला. कंत्राटी, १९,०००, कॅन्टीन, येण्याजाण्याला बस. शेवटी लिहिलं होतं, "शनिवारी सुट्टी पडली तर येऊ का मॅडम? त्या बोर्डावर मुलांना फ्यूज शिकवायचा राहिला." मी ओळखते त्या कंपन्या. तिथली कंत्राटं अकरा महिन्यांची असतात आणि पिन खिशात ठेवण्याची सवय तिथे कामाला येईल, पण ती कुणाला सांगायला त्याला वेळ मिळणार नाही. तरी त्यानं बरोबरच केलं. माझा भाचा असता तर मी हेच कर म्हटलं असतं.

डायरीवाल्या बाई मात्र डोक्यातून जात नव्हत्या, कारण कायद्याला जे जमत नाही ते त्यांनी स्कूटरवरून जमवलं होतं. तीन तुकडे जोडून एक नोकरी. तिचे तुकडे तिनं जोडायचे, तिच्या पेट्रोलवर, हे सोडून शाळांनी जोडले तर? रविवारी बसून मी एक तक्ता केला. पर्वती, दत्तवाडी, सहकारनगर या पट्ट्यात एकमेकींपासून सायकलवर जाण्याइतक्या तीन मराठी शाळा आहेत आणि तिघींनाही असाच माणूस हवा आहे. आज प्रत्येकीला आठ तासांचे दहा महिन्यांचे ४८,००० पडतात. तिघींनी मिळून एक माणूस ठेवला, चोवीस तासिका, वर सामानाची तयारी आणि हत्यारांची निगा यांचा एक दिवस, आणि शिक्षणसेवकाइतके १६,००० बारा महिने दिले, तर प्रत्येकीचे वर्षाला ६४,०००. म्हणजे शाळेमागे सोळा हजारांचा फरक. पीएफचा संस्थेचा वाटा धरला तर आणखी थोडा. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचं बिल याहून मोठं असतं, हे मी तक्त्यात लिहिलं नाही, तोंडी सांगितलं. सोळा हजार काही भारी पगार नाही, चाकण त्यापुढे जिंकणारच. पण अर्ध्या तासाच्या अंतरात, घराजवळ, मे महिन्यासकट सोळा हजार म्हटल्यावर 'कळवतो' म्हणून उठून जाणार नाहीत अशी काही माणसं मला माहीत आहेत. एक तर सध्या हडपसर ते कोथरूड फिरते आहे.

तिन्ही संस्थांचे लोक एकदा भेटले. आमच्या सचिवांनी शाळेच्या वतीनं चहा आणि साबुदाणावडा ठेवला. पैशांवर फारशी खळखळ झाली नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. अडलं ते मस्टरवर. माणूस नेमका कुणाचा? नेमणूकपत्र कुठल्या लेटरहेडवर? उद्या त्यानं कायम करा म्हणून कोर्टात धाव घेतली तर प्रतिवादी कोण? एका गृहस्थांनी सुचवलं की तिघांनी मिळून एजन्सी नेमावी, म्हणजे भानगड नको. मैत्रिणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वड्याकडे लक्ष वळवलं. मग ती म्हणाली, "माझ्या शाळेच्या लेटरहेडवर घ्या. मस्टर माझ्याकडे, पीएफ माझ्याकडे. तुम्ही दोघं दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तुमचा वाटा माझ्या खात्यात टाकायचा." दोघांनी माना डोलावल्या. सचिव मात्र गप्प होते. बँकेतला माणूस, थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला आणि त्या दोघांना विचारलं, "मे महिन्यात पण टाकाल ना?"